आठ ओळींची पंगत

लग्नाच्या पंगतीत भरल्या पानावरून उठून वाढप्याच्या मागे घड्याळ घेऊन फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. लग्न तिकोणा पेठेत होतं, आमच्याकडे काम करणाऱ्या सुताराच्या पुतणीचं. मांडवात जेवणाऱ्यांच्या आठ ओळी बसल्या होत्या आणि भात वाढायला एकच तरणा गडी होता. पहिल्या ओळीपासून निघून तो आठवीपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या ओळीतली पानं रिकामी व्हायला लागायची. आमचे साहेब दोन घास खाऊन हे बघत बसले, मग एकदम उठले, उष्टा हात तसाच धरून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "घड्याळवाले, तुमचं घड्याळ जरा काढा."

घड्याळ डाव्या हातात घेऊन ते त्या गड्याच्या मागोमाग आठही ओळी चालले. दोनदा. वधूचा काका हात जोडून धावत आला, काही चुकलं का, पानात काही कमी पडलं का, असं विचारू लागला. साहेब म्हणाले, छे, उत्तम चाललंय, फक्त याला सांगा की आठवी ओळ झाली की घाम पुसत थांबायचं नाही, लगेच पहिलीकडे वळायचं. आणि जमलं तर आणखी चार ओळी बसवता येतात का बघा. सुतार माझ्याकडे असा बघत होता की जणू या माणसाला मीच लग्नाला आणलं. खरं तर मीच आणलं होतं. तोवर त्यांचं पान कोणीतरी उचलून टाकलं. साहेब उपाशीच निघाले, पण एसटीत चढताना चेहरा जावयासारखा खुललेला.

"आठ ओळी जमतात," ते म्हणाले. "बारा नाही जमणार. या गड्याला तरी नाही."

लोणावळ्याच्या बाजारात त्यांना भिंगरी साहेब म्हणायचे. माणसाच्या पायाला भिंगरी असते म्हणतात, यांच्या सगळ्या अंगालाच होती. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, पत्र लिहायचं तर खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून, एक पाय दारात. बोलताना वाक्य एका खोलीत सुरू करायचे आणि दुसऱ्या खोलीत संपवायचे; ऐकणाऱ्यानं मागोमाग जायचं, नाहीतर अर्धंच ऐकायचं. मी पंधरा वर्षं बाजारातल्या टपरीवर डोळ्याला भिंग लावून एका जागी बसलेला माणूस. पहिल्या महिन्यात माझ्या पोटऱ्या दुखल्या.

गोष्ट पंचाहत्तर सालच्या आसपासची. मुंबईच्या एका शेठनं वलवणला, धरणाच्या बाजूला, एक बंगला भाड्यानं घेऊन तिथं काचेचं काहीतरी नवं काम सुरू केलं होतं. साहेब त्या कामाचे प्रमुख. ते कुठून आले हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे बंगलोरला शास्त्रज्ञ होते, कोणी म्हणे परदेशातून भांडून परत आले. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तिथं फार बसावं लागायचं."

माझ्या टपरीवर ते आले तेव्हाही बसले नाहीत. मी एका बायकी घड्याळाचा केसासारखी स्प्रिंग बसवत होतो. पाव तास माझ्या हाताकडे बघत येरझाऱ्या घातल्या आणि म्हणाले, "पाच-सात वर्षांत काट्यांची घड्याळं कोणी घालणार नाही. माझ्याकडे या." दुसरा कोणी असता तर मी त्याला दुकानाची पायरी उतरायला लावली असती. पण त्यांनी खिशातून दोन काचेचे तुकडे काढून माझ्यापुढे ठेवले आणि विचारलं, यांच्यामध्ये केसाच्या चौथाईएवढी फट ठेवून चारी बाजू बंद करता येतील का, हवा आत जाता कामा नये. मला तो प्रश्न रात्रभर पुरला. सकाळी मी वलवणला गेलो. बायको म्हणाली, भिंगरी लागलेल्या माणसामागं निघालात, आता घरी कधी दिसणार? तिचं चुकलं नाही.

त्या फटीत जे भरायचं ते एका तपकिरी बाटलीतून यायचं आणि साहेब त्याला लिक्विड क्रिस्टल म्हणायचे. दिसायला गढूळ ताकासारखं, धड पाणी नाही, धड स्फटिक नाही. त्यात म्हणे बारीक काड्यांसारखे कण असतात आणि सगळे एका दिशेनं तोंड करून निजतात. विजेचा हलका ताण दिला की उभे राहतात. काचेच्या पुढे आणि मागे गॉगलला असते तशी एक काळसर फिल्म लावायची. मग काड्या निजलेल्या असल्या की मागचा उजेड पुढे येतो, उभ्या राहिल्या की अडतो. म्हणजे विजेनं उघडझाप होणारी खिडकी.

शेठना एवढ्यावर समाधान होतं. त्यांचा मीटर बनवण्याचा कारखाना होता आणि त्यांना मीटरवर काळे आकडे हवे होते, बस्स. साहेबांनी आकडे दोन महिन्यांत करून दाखवले. काचेवर एक ते नऊ उमटले तेव्हा वाडीतल्या बायका काम टाकून बघायला आल्या. दुसरा कोणी आकड्यांची काच सुधारत बसला असता, कारण पावसाळा सुरू झाल्यावर लोणावळ्याच्या धुक्यानं त्या काचा एकेक करून आतून पांढऱ्या पडायला लागल्या होत्या. साहेबांनी त्या काचा टोपलीत टाकल्या आणि मुंबईला जाऊन शेठना सांगून आले, आकडे तर कोणीही करील, मी काचेवर रंगीत चित्र दाखवतो.

शेठ व्यवहारी माणूस. दसऱ्यापर्यंतची मुदत दिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना घेऊन येतो, रंगीत चित्र दिसलं आणि पाहुण्यांना पटलं तर काम वाढवू. नाही तर बंगला रिकामा करायचा. त्या बंगल्यात साहेब होते, मी होतो, अधूनमधून तो सुतार, आणि वरच्या वाडीतल्या पाच बायका. त्या आधी भातलावणीला आणि बंगल्यांच्या बागांत खुरपायला जायच्या. आम्हा सगळ्यांचं दसऱ्यानंतरचं आयुष्य त्या हाताएवढ्या काचेत होतं, आणि साहेबांचं तर त्याआधीचंही.

चित्र म्हणजे किती मोठं? आडव्या आठ ओळी, उभे आठ रकाने. एका काचेवर वीज वाहणाऱ्या आडव्या पट्ट्या, दुसरीवर उभ्या. जिथं आडवी-उभी एकमेकींवरून जाते तिथं एक खिडकी. पण प्रत्येक खिडकीला स्वतंत्र तार ओढायची तर काचेपेक्षा तारा जड होतील. म्हणून आडव्या ओळींना एकेक करून ताण द्यायचा. पहिलीची पाळी आली की उभ्या पट्ट्यांनी सांगायचं, पहिलीतल्या अमुक खिडक्या बंद, तमुक उघड्या. मग दुसरीची पाळी, मग तिसरीची. आठवी झाली की पुन्हा पहिली, एका सेकंदात कितीतरी वेळा. डोळ्याला वाटतं सगळं चित्र एकदमच लागलंय.

तिकोणा पेठेच्या लग्नानंतर सोमवारी साहेबांनी हे सगळं आम्हाला पंगतीवरून समजावलं. वीज हा वाढपी. पहिल्या ओळीतलं पान रिकामं व्हायच्या आत तो परत आला पाहिजे. ओळी वाढवल्या की एकेका ओळीपाशी त्याला कमी वेळ मिळणार. शिवाय वाढपी एका पानात वाढताना शेजारच्या पानात चार शितं सांडतोच. ओळी फार झाल्या की वाढलेलं आणि सांडलेलं यांत फरक उरत नाही, बंद खिडकी आणि उघडी खिडकी सारखीच दिसायला लागते. म्हणून आठच ओळी.

बायकांमधली हिराबाई पुढे बसली होती. तिनं विचारलं, "मग वाढपीच दोन घ्यावं की, सायेब. चार वळी ह्येला, चार त्येला."

साहेब थबकले, तिच्याकडे बघितलं आणि दाराबाहेर गेले. आम्हाला वाटलं रागावले. दहा मिनिटांनी परत आले, कागदावर काहीतरी खरडलेलं. म्हणाले, हिराबाईंचं बरोबर आहे, काच मधोमध दुभागली तर सोळा ओळी होतील. पण दसऱ्याआधी नाही. पुढे कधीतरी. त्यांच्या तोंडून "पुढे कधीतरी" हे शब्द मी फक्त त्याच वेळी ऐकले.

रंगांचं म्हणाल तर ते चिक्कीच्या दुकानातून आले. प्रत्येक खिडकीचे उभे तीन भाग करायचे, एकामागं लाल, एकामागं हिरवा, एकामागं निळा जिलेटिन कागद. तिन्ही उघडे ठेवले तर पांढरं, लाल-हिरवा उघडा ठेवला तर पिवळं, तिन्ही बंद तर काळं. असे उभे रकाने आठाचे चोवीस झाले. परदेशी रंगीत काच मागवायची तर दसरा कुठला, दिवाळीही गेली असती. साहेब बाजारपेठेतल्या एका चिक्कीवाल्याकडे गेले आणि पुडे बांधायचे कागद मागू लागले. नुसते कागद. एकेक ताव उन्हात धरून बघायचे, "हा लाल फार काळा," "हा निळा पाणचट," असं म्हणून परत करायचे. तिसऱ्या दिवशी दुकानदारानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुमचे साहेब शेजारी चिक्कीचं दुकान टाकणार आहेत का, तसं असेल तर सरळ सांगा. मी शपथेवर सांगितलं की त्यांना चिक्की आवडतसुद्धा नाही. त्यावर तो जास्तच घाबरला.

बंगल्यात एकच नियम होता आणि तो साहेबांनी भिंतीवर खडूनं लिहिला होता: उलट-सुलट. काचेला ताण द्यायचा तो एकाच बाजूनं कधी द्यायचा नाही. क्षणाक्षणाला फिरवायचा, या बाजूनं, त्या बाजूनं. काड्यांना त्यानं फरक पडत नाही, त्या उभ्याच राहतात. पण एकाच बाजूनं ओढत राहिलं तर आतला पदार्थ नासतो. बारीकशी ओल आत असली तर लवकर नासतो. त्यासाठी त्यांनी प्लायवुडच्या मोठ्या फळीवर ट्रान्झिस्टरांचं सर्किट बांधलं होतं, ते ओळींच्या पाळ्याही लावायचं आणि ताणही उलट-सुलट करायचं. येता-जाता, चहाच्या घोटागणिक, ते आम्हाला "उलट-सुलट" ऐकवायचे. इतक्या वेळा ऐकलं की मला ते ऐकूच येईनासं झालं. दुकानाशेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज जसा दुकानदाराला येत नाही, तसं.

आता हिराबाईचं सांगतो, कारण तिच्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही.

काड्यांनी एकाच दिशेला तोंड करून निजावं म्हणून काच आतल्या बाजूनं मखमलीच्या कापडानं पुसावी लागते, तीही सरळ रेषेत, एकाच दिशेनं. पुसण्याच्या त्या न दिसणाऱ्या चऱ्यांत काड्या निजतात. हे काम हिराबाईकडे होतं, तिचा हात सगळ्यांत हलका म्हणून. रंगीत चित्राच्या काचांच्या दोनच जोड्या होत्या. तिनं पहिली जोडी पुसली, मी कडा बंद केल्या, साहेबांनी फिल्म लावून उजेडापुढे धरली आणि बघतो तर काचेवर एकात एक अर्धी वर्तुळं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर हाताची जशी वळणं उठतात, अगदी तशी. जन्मभर जमीन सारवलेला हात, तो मखमल घेऊनही सारवतच होता. डोळ्याला सरळ वाटायचं, पण काड्यांना खरं कळलं होतं.

हिराबाई शरमली. "हाताला दुसरं वळनच न्हाई ओ, सायेब," ती म्हणाली. साहेबांना मात्र इतका आनंद झाला की त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून ती काच दाखवली, हिराबाईंच्या घरातली जमीन बघा म्हणाले. मग सुताराकडून लाकडाची खाच करून घेतली, म्हणजे मखमल गुंडाळलेला ठोकळा सरळच जाईल. त्या खाचेतून हिराबाईनं दुसरी जोडी पुसली. दोन दिवस तिनं तेवढंच केलं, श्वास रोखून.

त्या दुसऱ्या जोडीच्या कडा मी बंद केल्या, आणि इथं माझा अहंकार येतो. आकड्यांच्या काचा ओल धरून गेल्या होत्या, त्या मीच बंद केल्या होत्या. साहेब मला एका शब्दानं बोलले नव्हते, तेच मला लागलं होतं. या वेळी मी पद्धत बदलली. खोलीत सिगडी पेटवली, डब्यांतून कळीचा चुना ठेवून हवा कोरडी केली, डिंक तीनदा लावला, प्रत्येक वेळी मंद शेकून. काच उजेडात धरली तर खाली-वर एक वळण नाही, एक बुडबुडा नाही. साहेबांनी ती सर्किटला लावली. फळीवर पिना टोचून चित्र लावलं होतं: लाल फूल, दोन हिरवी पानं, मागे निळं आभाळ. ते दिसलं. आठ ओळींचं फूल ते, ठोकळ्यांचंच, पण लाल होतं. हिराबाईनं तोंडाला पदर लावला. साहेब खोलीतून बाहेर गेले, बंगल्याला एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "पानं जरा फिकी आहेत."

त्यांनी मला विचारलं, डिंक ओलीला टिकेल का. मी म्हणालो, बघू. दुसरं काय म्हणणार? पावसाळा संपत आला होता, दसरा चार दिवसांवर.

शेठ यायच्या आदल्या दिवशी साहेब सर्किटची फळी घेऊन पुण्याला गेले. एक ट्रान्झिस्टर तापत होता, तो बदलायचा होता. काच माझ्या ताब्यात देऊन गेले.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांची एक रीत असते. घड्याळ जोडलं की लगेच गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. चालतं ठेवायचं, नजरेसमोर, निदान एक दिवस. थांबायचं असेल तर आपल्या टेबलावर थांबू दे, गिऱ्हाइकाच्या मनगटावर नको. माझ्या वडिलांनी मला हे शिकवलं होतं आणि माझ्या हातून एकही घड्याळ या रीतीशिवाय गेलं नव्हतं. ती काच टेबलावर मेल्यासारखी पडली होती आणि मला बघवेना. उद्या पाहुण्यांसमोर पहिल्यांदाच लावायची आणि थांबली तर? मी टॉर्चचे सेल जोडून तारा काढल्या, काचेच्या काही पट्ट्यांना लावल्या. फुलाचा मधला ठोकळा काळा पडला, छान ठाम. साडेनऊ वाजले होते. चालतं ठेवलं.

भिंतीवर "उलट-सुलट" लिहिलेलं होतं, मी त्याच भिंतीकडे पाठ करून बसलो होतो. दीड वाजता जेवायला उठलो तेव्हा ठोकळा जसाच्या तसा होता. मला अभिमान वाटला, हेही सांगून टाकतो. साडेतीनला परत आलो तर त्या जागी तपकिरी डाग, कडेला बुडबुडे. सेल काढले. डाग गेला नाही. फूल जिथं व्हायचं नेमकं तिथं.

हिराबाई दारात उभी होती. तिनं काचेकडे बघितलं, सेलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी सेल खिशात टाकले आणि घरी गेलो.

सकाळी साहेबांनी काच उजेडापुढे धरली. बराच वेळ धरली. मग विचारलं, हिला कोणी हात लावला होता का? त्यांच्या स्वरात दरडावणी नव्हती, विचारणा होती. पाच बायका, सुतार, मी. कोणी बोललं नाही. मी तर नाहीच. मला बोलायचं होतं, जीभ उचललीसुद्धा होती. पण शेठची गाडी तासाभरात येणार होती आणि मी स्वतःला म्हणालो, आता सांगून काय होणार आहे. भित्र्या माणसाला कारण शोधायला वेळ लागत नाही.

साहेबांनी ती काच खणात ठेवली आणि पहिली जोडी काढली. सारवलेली.

शेठबरोबर दोन पाहुणे होते. एक तरुण, बडबड्या. एक म्हातारे, शांत, बंद गळ्याच्या कोटातले. पडदे ओढले, मागचा दिवा लावला, फळीवरचं बटण दाबलं. फूल लागलं. लाल, हिरवं, निळं, सगळं होतं. आणि सगळ्यावरून हिराबाईच्या हाताची वळणं, एकात एक. शेठनी कपाळाला हात लावला, हे कोणी सारवलंय काय, असं काहीतरी म्हणाले. तरुण पाहुणा हसला. हिराबाई भिंतीला चिकटून उभी होती.

म्हाताऱ्यांना हसू आलं नाही. त्यांनी वाकून, चष्मा वर करून, चांगली पाच मिनिटं काच पाहिली. मग सावकाश म्हणाले, रेघांचं काही नाही, त्या जातील, रंग लागलेत हे मोठं आहे. आणि मग त्यांनी विचारलं, "पण आमचा माल कोकणात जातो, मुंबईत जातो. ही काच दमट हवेत टिकते का? काही मोजलंय तुम्ही?"

साहेब येरझाऱ्या घालायचे थांबले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांनी एकदा खणाकडे बघितलं आणि म्हणाले, "आधीच्या टिकल्या नाहीत. या नव्या पद्धतीचं मोजलेलं नाही."

दुसरा कोणीही "टिकते" म्हणाला असता. म्हातारे मान हलवून म्हणाले, मग मोजा, आणि मग बोलवा. ते खरंच परत आले असते असं मला वाटतं. पण शेठनी तेवढंच ऐकलं जेवढं त्यांना ऐकायचं होतं. दसऱ्यानंतर आठवड्याभरात बंगल्याला कुलूप लागलं. बायका वाडीवर परत गेल्या, भात कापणीला आला होता. मी टपरी पुन्हा उघडली.

साहेब चार दिवस सामान आवरत राहिले, म्हणजे एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत नेत राहिले. त्या दिवसांत हिराबाई एकदा बाजाराला आलेली, माझ्या टपरीपाशी थांबली. डोक्यावर पाटी, उतरवली नाही.

"भाऊ, सायबास्नी सांगून टाका," ती म्हणाली. "त्ये काय तुमास्नी खानार न्हाईत. आनि न्हाई सांगितलं तर त्येस्नी वाटंल, ती काच माझ्या हातानंच गेली."

मला हे सुचलंच नव्हतं. मी इतके दिवस फक्त माझ्या तोंडाचा विचार करत होतो. तिच्या हाताचा मला विसर पडला होता. दोन दिवस श्वास रोखून तिनं जी काच पुसली, ती मी सेल लावून जाळली आणि दोष तिच्यावर ठेवून गप्प बसलो. मला त्या टपरीत बसवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब निघाले. एक पिशवी, एक ट्रंक. ट्रंक मी घेतली. वलवणहून स्टेशनपर्यंत चालतच, टांगा नको म्हणाले. नेहमीसारखे भराभर, वाक्यं मागे टाकत. धरणाच्या भिंतीपाशी मी एका दमात सगळं सांगितलं. सेल, घड्याळाची रीत, दीड वाजता बघितलेलं, साडेतीनला बघितलेलं, खिशात टाकलेले सेल. हिराबाईचा हात नव्हता, माझा होता.

ते चालतच राहिले. मग म्हणाले, "किती वाजता लावलीत?"

"साडेनऊ."

"आणि दीडला ठीक होती? नक्की? डाग नाही, बुडबुडा नाही?"

"नाही. छान ठाम होती."

ते थांबले. मी दोन पावलं पुढे गेलो होतो, मागे वळलो. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"चार तास," ते म्हणाले. "सरळ सेलवर, आश्विनातल्या धुक्यात, चार तास. आकड्यांची जुनी काच मी मुद्दाम अशीच सेलवर लावून बघितली होती, घड्याळवाले. वीस मिनिटांत गेली होती. आत ओल होती म्हणून. तुमच्या काचेत ओल नव्हतीच. तुमच्या कडा टिकल्या होत्या."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं ते माझं कौतुक करताहेत, आणि क्षणभर, देवाशपथ, मला बरंसुद्धा वाटलं.

त्यांनी पिशवी उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

"त्या म्हाताऱ्यांनी काही मोजलंय का असं विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग असता तर मी हे कधीच विसरून गेलो असतो.